येस बँडचं ‘फ्लाय फ्रॉम हिअर’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘फ्लाय फ्रॉम हिअर’ २०११ मध्ये आलं, पण त्याचा जन्म १९८० च्या आसपासचा. मधल्या काळात गायक बदलले, बँड फुटला, पुन्हा जुळला, आणि हे गाणं लिहिणाऱ्या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, ऐकणाऱ्यांच्या गप्पांत या गाण्यावरून तेच तेच प्रश्न निघतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

आधी हे सांगा, ‘फ्लाय फ्रॉम हिअर’ हे गाणं आहे की अल्बम?

दोन्ही. जुलै २०११ मध्ये फ्रंटियर्स या कंपनीनं येसचा जो अल्बम काढला त्याचं नाव ‘फ्लाय फ्रॉम हिअर’. त्याच नावाची, सहा तुकड्यांची, जवळपास २४ मिनिटांची सलग रचना या अल्बमच्या सुरुवातीलाच आहे. तिच्या पहिल्या गायलेल्या भागाचं नाव ‘वी कॅन फ्लाय’. जुनं गाणं म्हणतात ते मुख्यतः हेच, आणि तेव्हा त्याचं पूर्ण नाव ‘वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर’ असं होतं.

येस म्हणजे नेमके कोण?

१९६८ मध्ये लंडनमध्ये गायक जॉन अँडरसन आणि बेसवादक ख्रिस स्क्वायर यांनी सुरू केलेला बँड. सत्तरच्या दशकात रेकॉर्डच्या एका बाजूला एकच रचना, कधी चार बाजूंना मिळून चारच रचना, असा ऐसपैस मामला. १९७३ च्या त्यांच्या दुहेरी अल्बमची कल्पना अँडरसनला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचली होती. यावरून या मंडळींचा पिंड लक्षात यावा. मुखपृष्ठांवरच्या रॉजर डीनच्या चित्रांतले तरंगते डोंगर, स्टीव्ह हाऊची गिटार, रिक वेकमनचा कीबोर्डांचा पसारा आणि वर अँडरसनचा अतिशय उंच, स्वच्छ आवाज. बहुतेकांच्या डोक्यात येस म्हणजे हे चित्र असतं.

या बँडात माणसं इतक्यांदा बदलली की त्यांची वंशावळ कागदावर काढल्याशिवाय समजत नाही. या गाण्यापुरती मात्र पाच नावं पुरतात: स्क्वायर, हाऊ, ड्रमवादक ॲलन व्हाइट आणि बाहेरून आलेले दोघे, ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स.

मग मूळ गाणं येसचं नव्हतंच?

नव्हतं. ते बगल्सचं. बगल्स म्हणजे हॉर्न आणि डाउन्स. १९७९ च्या शरद ऋतूत ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ हे त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं तेव्हा तिथे दाखवलेलं पहिलं गाणंही तेच. हे नाव ऐकलं नसेल, तरी चाल तुमच्या कानावरून गेलेली असण्याची दाट शक्यता आहे. ‘डिस्को डान्सर’मधलं ‘औवा औवा कोई यहाँ नाचे’ आठवा. बप्पी लाहिरींनी ती कुठून उचलली हे लगेच कळेल.

थोडक्यात, ज्या जोडीची चाल ‘डिस्को डान्सर’मध्ये वाजली त्याच जोडीचं दुसरं एक गाणं पुढे येसची सर्वात लांब रचना बनलं.

पॉप गाणी करणारी ही जोडी येसमध्ये शिरली कशी?

१९७९ च्या शेवटी येस पॅरिसमध्ये रॉय थॉमस बेकर या निर्मात्याबरोबर नवा अल्बम करत होता. काम पुढे सरकेना. अँडरसन आणि वेकमन एका बाजूला, बाकीचे तिघे दुसऱ्या बाजूला अशी फळी पडली. त्यातच स्केटिंग करताना व्हाइटचा पाय मोडला आणि सत्र गुंडाळावं लागलं. १९८० च्या सुरुवातीला अँडरसन आणि वेकमन दोघंही बाहेर पडले. उरलेल्या तिघांकडे बेस, गिटार, ड्रम होते. गायक नव्हता आणि कीबोर्डवालाही नव्हता.

येसचा व्यवस्थापक ब्रायन लेन. बगल्सचं कामही तोच पाहायचा. हॉर्न येसचा पक्का चाहता. त्यानं आणि डाउन्सनं येससाठी म्हणून एक गाणं पुढे केलं: ‘वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर’. म्हणजे हे गाणं त्यांच्यासाठी येसचं दार उघडणारी किल्ली ठरलं. तिघांनी त्यांच्याबरोबर वाजवून पाहिलं, ते जमलं, आणि गाणं द्यायला आलेल्या दोघांनाच बँडमध्ये घेतलं गेलं.

तेव्हाच्या ब्रिटनमध्ये हे किती विचित्र दिसलं असेल! एकीकडे वीस-वीस मिनिटांच्या रचना करणारे केसाळ दिग्गज, दुसरीकडे मोठा चष्मा लावलेला, रेडिओवर रोज वाजणारा हॉर्न. वरवर पाहता दोघांचा काही संबंध नाही. पण बगल्सची गाणी नीट ऐकली तर कळतं की हॉर्न तीन-चार मिनिटांत तेच करत होता: थरावर थर, अनपेक्षित वळणं, ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांवरचं प्रेम.

‘ड्रामा’ हा अल्बम या पाच जणांचाच ना? त्यात हे गाणं का सापडत नाही?

अल्बम याच पाच जणांचा, ऑगस्ट १९८० चा. पण त्यावर सहाच रचना आहेत, एकूण ३७ मिनिटांच्या, आणि हे गाणं त्यांत नाही. हॉर्न-डाउन्स यांनी आणलेल्यांपैकी दुसऱ्या एका गाण्याला मात्र जागा मिळाली. ते म्हणजे ‘इंटू द लेन्स’. त्याच गाण्याचं छोटं, पॉप रूप पुढे १९८१ च्या बगल्सच्या दुसऱ्या अल्बमवर ‘आय ॲम अ कॅमेरा’ नावानं आलं. ही दोन रूपं एकामागोमाग ऐकण्यासारखी आहेत. एकच सांगाडा येसच्या हातात कसा फुगतो आणि बगल्सच्या हातात कसा आटोपशीर राहतो, ते त्यात दिसतं. ‘वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर’च्या पुढच्या प्रवासाचा अंदाजही त्यावरून येतो.

मग १९८० मध्ये ते लोकांनी ऐकलं कुठे?

मैफलींत. ‘ड्रामा’नंतरच्या उत्तर अमेरिका आणि ब्रिटनच्या दौऱ्यात हे गाणं वाजवलं जायचं. त्या दौऱ्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येही कार्यक्रम झाले. अल्बमवर नसलेलं आणखी एक गाणं, ‘गो थ्रू धिस’, हेही तेव्हाच वाजत असे. दोन्हींची थेट मैफलीतली ध्वनिमुद्रणं २००५ च्या ‘द वर्ड इज लाइव्ह’ या संचात अधिकृतपणे आली.

तो दौरा हॉर्नसाठी सोपा नव्हता. अँडरसननं आपल्या गळ्याच्या मापानं बेतलेली जुनी गाणी रोज रात्री, त्याच पट्टीत, त्याच्याच चाहत्यांसमोर गायची. ब्रिटनमध्ये तर प्रेक्षकांनी नाराजी उघड दाखवली. ‘वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर’मध्ये मात्र तो स्वतःच्या गळ्यासाठी केलेली चाल गातो, आणि २००५ च्या संचातलं ते मुद्रण ऐकताना तो फरक जाणवतो. आवाज मोकळा आहे. व्हाइटचे ड्रम या गाण्याला बगल्सच्या घरातून बाहेर काढतात.

दौरा संपल्यावर काय झालं?

बँड संपला. हाऊ आणि डाउन्स यांनी जॉन वेटन आणि कार्ल पामर यांच्याबरोबर एशिया हा नवा बँड काढला. १९८२ चा त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेत तुफान चालला. हॉर्ननं गाणं बाजूला ठेवून निर्मितीकडे मोर्चा वळवला आणि ऐंशीच्या दशकाचा आवाजच घडवला. एबीसी, फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडांची गाणी त्यानं घडवली. गंमत म्हणजे पुन्हा जुळलेल्या येसला सर्वात मोठं यश मिळवून देणाराही तोच. १९८३ च्या ‘९०१२५’चा निर्माता हॉर्न होता. त्यातलं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तोवर मायक्रोफोनसमोर अँडरसन परतला होता आणि हॉर्न काचेच्या पलीकडे बसला होता. माझ्या मते दोघंही तिथेच जास्त शोभत होते.

आपलं गाणं या सगळ्यात कुठेच नव्हतं. चाहत्यांच्या चोरून केलेल्या कॅसेटींवर ते फिरत राहिलं. २०१० मध्ये बगल्सचा दुसरा अल्बम नव्यानं निघाला, तेव्हा जोडीला दिलेल्या जुन्या कच्च्या मुद्रणांत हेही होतं.

२०११ मध्ये ते परत कसं आलं?

२००८ मध्ये अँडरसनला श्वसनाचा गंभीर त्रास झाला आणि चाळिसाव्या वर्षाचा दौरा रद्द झाला. स्क्वायरला यूट्यूबवर बेन्वा डेव्हिड हा कॅनडाच्या क्युबेक प्रांतातला गायक सापडला. तो येसचीच गाणी गाणाऱ्या एका बँडमध्ये होता. त्याला घेऊन बँड पुन्हा रस्त्यावर आला. कीबोर्डवर रिक वेकमनचा मुलगा ऑलिव्हर.

नवा अल्बम करायचं ठरलं तेव्हा ‘मॅग्निफिकेशन’ला, म्हणजे आधीच्या स्टुडिओ अल्बमला, दहा वर्षं होत आली होती. निर्माता म्हणून हॉर्नला विचारलं गेलं. आधी बोलणं एखाद्या रचनेपुरतं होतं. मग व्याप वाढत वाढत संपूर्ण अल्बम त्याच्याकडे आला आणि मूळ गाण्याभोवती हॉर्न-डाउन्स यांची आणखी सामग्री गुंफत सहा तुकड्यांची माळ तयार झाली. काम लॉस एंजेलिसला सुरू झालं.

ऑलिव्हर वेकमनला मध्येच का काढलं?

अल्बमचा गाभाच डाउन्सच्या रचनांचा होत चालला, तेव्हा त्या वाजवायला खुद्द डाउन्सलाच बोलवावं असं ठरलं. ऑलिव्हरनं केलेलं थोडं काम अल्बमवर राहिलं आहे, आणि ‘इंटू द स्टॉर्म’च्या श्रेयात त्याचं नाव आहे. त्या काळात त्यानं बँडबरोबर केलेल्या काही रचना २०१९ मध्ये ‘फ्रॉम अ पेज’ नावानं स्वतंत्र निघाल्या. त्या ऐकल्यावर त्याच्यावर थोडा अन्याय झाला असं वाटतं. पण या विशिष्ट रचनेसाठी डाउन्सच हवा होता, याबद्दलही शंका राहत नाही.

सहा तुकड्यांत नेमकं काय आहे?

सुरुवातीला ‘ओव्हर्चर’, दोन मिनिटांहून कमी. संगीत नाटकाच्या नांदीसारखं पुढच्या सुरांची ओळख करून देणारं, पण नांदीपेक्षा घाईतलं. पियानोचे ठोसे, त्यावर सगळा बँड.

मग ‘वी कॅन फ्लाय’, बरोबर सहा मिनिटं. हाच १९८० चा ऐवज. विमानतळाच्या कडेला पडलेली जुनी विमानं, पाऊस, आणि इथून उडून जाता येईल ही आस. चाल साधी आहे, पहिल्यांदा ऐकली तरी गुणगुणता येते. येसच्या जुन्या महाकाव्यांबद्दल असं म्हणता येणार नाही. श्रेयात हॉर्न आणि डाउन्स यांच्याबरोबर स्क्वायरचंही नाव आहे, आणि ते नुसतं मानापुरतं वाटत नाही. बेस ऐका. कडव्यांच्या खाली तो स्वतःचं वेगळंच गाणं गात असतो, आणि धृपदात त्याचा दुसरा आवाज लागताच हे येसचं गाणं आहे याची खूण पटते.

‘सॅड नाइट ॲट द एअरफील्ड’ हा माझ्या लेखी संपूर्ण अल्बमचा सर्वोत्तम तुकडा. लय उतरते, हाऊ ॲकूस्टिक गिटारवर येतो, मग स्टील गिटारचा लांबलेला सूर. इथे बेन्वा डेव्हिड कुणाची नक्कल करत नाही. अँडरसनची उंची गाठायचा हट्ट नाही, त्यामुळे गळ्यातला ओलावा ऐकू येतो. तो किती चांगला गायक होता हे पाहायचं तर हीच पावणेसात मिनिटं पुरेत.

‘मॅडमॅन ॲट द स्क्रीन्स’मध्ये पडद्यांवर नजर लावून बसलेला एक माणूस आहे आणि संगीतात ‘ओव्हर्चर’चे ठोसे परत येतात. नाट्य इथे सर्वात जास्त. ऐंशीच्या दशकातल्या बगल्सचा वास मला या तुकड्यात सर्वाधिक येतो: यंत्रं, पडदे, एकटा माणूस.

‘बम्पी राइड’ हाऊचं. सव्वादोन मिनिटांची उड्या मारणारी गंमत. नाव सार्थ आहे, गरज मात्र कळत नाही. आधीच्या तुकड्यानं बांधलेला ताण इथे सुटून जातो. शेवटी ‘वी कॅन फ्लाय’चं धृपद पुन्हा येतं आणि पावणेदोन मिनिटांत सगळं आवरतं.

ही खरंच येसची सर्वात लांब रचना आहे का?

हो. सहाही तुकडे मिळून सुमारे २३ मिनिटं ४९ सेकंद. सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही एकसंध रचनेपेक्षा जास्त.

पण हे सलग एक गाणं आहे, की वेगवेगळी गाणी जोडून केलेलं?

जोडून केलेलं आहे. यात लपवण्यासारखं काही नाही. १९७२ ची त्यांची अठरा मिनिटांची रचना एका कल्पनेतून वाढत जाते. इथे तीन पूर्ण गाणी आहेत, ती आपापल्या पायांवर उभी राहू शकतात, आणि ओळखीचे सूर परत आणून त्यांना बांधलं आहे. टीकाकारांनी हे बरोबर पकडलं. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण हॉर्न हा मुळात तीन-चार मिनिटांच्या गाण्याचा कारागीर. त्यानं त्याला जमतं ते केलं. २४ मिनिटं भरायची म्हणून पोकळ लांबण लावली असती तर ते जास्त खटकलं असतं.

जॉन अँडरसन नसताना याला येस म्हणायचं?

हा वाद १९८० पासून चालू आहे, आणि तो मिटेल असं वाटत नाही. पण या एका गाण्यापुरतं बोलायचं तर प्रश्नच उलटा पडतो. अँडरसन गेला म्हणून तर हे गाणं येसमध्ये आलं. तो राहिला असता तर हॉर्न आणि डाउन्स यांना बोलावणंच गेलं नसतं. ‘राउंडअबाउट’ हे अँडरसनचं जुनं गाणं दुसऱ्यानं गायलं तर मलाही चुकल्या-चुकल्यासारखं होतं. ‘वी कॅन फ्लाय’मध्ये मात्र अँडरसनची जागा रिकामी आहे असं वाटायचं कारण नाही, कारण ती त्याची जागा कधी नव्हतीच.

‘रिटर्न ट्रिप’ ही काय भानगड आहे?

२०११ च्या अखेरीस आजारपणामुळे बेन्वा डेव्हिडला दौऱ्यातून माघार घ्यावी लागली, आणि २०१२ पासून जॉन डेव्हिसन हा बँडचा गायक झाला. २७ जून २०१५ ला ख्रिस स्क्वायर गेला. मार्च २०१८ मध्ये, बँडच्या पन्नासाव्या वर्षात, ‘फ्लाय फ्रॉम हिअर: रिटर्न ट्रिप’ निघालं. वाद्यं बहुतांशी २०११ चीच, मिश्रण नवं, आणि डेव्हिडच्या जागी सगळीकडे हॉर्नचा आवाज. त्यामुळे ‘ड्रामा’चे पाचही जण, दिवंगत स्क्वायरसह, पुन्हा एका अल्बमवर आले. हाऊनं गायलेलं ‘डोन्ट टेक नो फॉर ॲन आन्सर’ यात जास्तीचं आहे, आणि ‘आवर ऑफ नीड’ लांबलेल्या रूपात.

दोन्हींत सरस कोणतं?

‘वी कॅन फ्लाय’ हॉर्नचं. ज्यानं चाल केली त्याच्या उच्चारात ती सहज बसते, आणि साठी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडी जुन्या विमानांचं वर्णन वेगळंच लागतं. ‘सॅड नाइट’ डेव्हिडचं, याबद्दल मी हटणार नाही. नव्या मिश्रणात बेस अधिक उठून दिसतो, हा आणखी एक फायदा. एका गायकाची सगळी मेहनत पुसून त्यावर दुसऱ्याचा आवाज बसवणं मला मनापासून पटलेलं नाही. सुदैवानं २०११ चा अल्बमही मिळतो.

अल्बमवर आणखी काही जुनं सामान आहे का?

आहे. ‘लाइफ ऑन अ फिल्म सेट’ हे बगल्सच्या ‘रायडिंग अ टाइड’ या जुन्या कच्च्या गाण्यावरून केलेलं. तेही २०१० च्या त्याच पुनर्प्रकाशनात ऐकायला मिळतं. ‘सॉलिटेअर’ हे हाऊचं एकट्याचं गिटारवादन आणि ‘द मॅन यू ऑल्वेज वॉन्टेड मी टू बी’ स्क्वायरनं स्वतः गायलेलं. यांचा १९८० शी संबंध नाही.

लोकांनी त्याला कसं घेतलं?

ब्रिटनच्या यादीत अल्बम ३० व्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत ३६ व्या. दहा वर्षं नवं काही न दिलेल्या, चाळिशी उलटलेल्या बँडसाठी हे चांगलंच म्हणायचं. २०११ च्या उन्हाळ्यात स्टिक्स या बँडबरोबरच्या अमेरिकी दौऱ्यात नव्या गाण्यांतून ‘वी कॅन फ्लाय’ वाजलं. मला सर्वात गमतीची वाटते ती जुन्या चाहत्यांची कुरकूर: १९८० मध्ये ज्यांना हॉर्न-डाउन्स नको होते, त्यांतलेच काही आता ‘ड्रामा’च्या दिवसांची आठवण काढत होते.

नव्यानं ऐकणाऱ्यानं सुरुवात कुठून करावी?

थेट २४ मिनिटांवर उडी मारू नका. आधी ‘ड्रामा’ पूर्ण ऐका, हे पाच जण एकत्र काय करू शकतात ते त्यातल्या ‘मशीन मसाया’ आणि ‘टेम्पस फ्यूजिट’मध्ये कळेल. मग २०११ ची सबंध रचना. ती आवडली तर २००५ च्या संचातलं १९८० चं मुद्रण, आणि चस्का लागलाच तर बगल्सचं कच्चं रूप. ‘रिटर्न ट्रिप’ शेवटी, कारण आवाजांची तुलना करण्यात मजा आहे आणि त्यासाठी डेव्हिड आधी कानात बसलेला हवा. हेडफोन असतील तर लावा. मोबाइलच्या स्पीकरवर स्क्वायरचा बेस ऐकूच येत नाही.